जुना कृष्णधवल टीव्ही: चित्र लख्ख, पण आवाजाचं काय करू?

मंगळवारपेठी
शनिवार, रात्री

नमस्कार मंडळी. आमच्या घरी आजोबांनी १९८५ च्या आसपास घेतलेला वीस इंची कृष्णधवल टीव्ही आहे. लाकडी कॅबिनेट, पुढं सरकती दारं, दाराला कुलूप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "आमची कंपनी चांगली की तुमची" याच्यावर जाईल. बरीच वर्षं माळ्यावर होता. कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी आमच्यापर्यंत आलं नव्हतं, पण ओल भरपूर धरली होती घरानं.

दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपण आता नाही, त्यामुळं अँटेना लावून काही उपयोग नव्हता. म्हणून फ्री डिशचा बॉक्स, त्याच्या पुढं ऑनलाइन मागवलेला एक मॉड्युलेटर (बॉक्समधलं चित्र-आवाज अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा), आणि तिथनं टीव्हीच्या अँटेनाला अशी जोडणी केली. चॅनल फिरवत गेलो आणि चारवर चित्र आलं. इतकं स्वच्छ की बाबा खुर्ची ओढून समोर बसले.

आवाजाचा मात्र घोळ आहे. तक्रारी अशा:
व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी बारीक भुणभुण चालूच. व्हॉल्यूम वाढवला की शूऽऽ असा आवाज, आणि त्यात बातम्या देणारा विहिरीच्या तळातनं बोलल्यागत ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. पडद्यावर पांढरी अक्षरं आली की वेगळीच घर्रर्र होते, अक्षरं गेली की कमी. आणि व्हॉल्यूमचा कंट्रोल फिरवताना खरखर.

फाईन ट्यूनिंग दोन्ही बाजूला फिरवून झालं. चित्र बिघडतं, आवाज सुधारत नाही. घरात मीटर आणि सोल्डरिंगची इस्त्री आहे, थोडंफार काम येतं. कुठनं सुरुवात करू?

तांबडापांढरा
भावा, नाद खुळा! पण एक विचारू? त्याच पैशात बत्तीस इंची एलईडी येतो की. कॅबिनेट ठेव, आतलं काढ, त्यात मासे पाळ.

मंगळवारपेठी
मासे पाळायचा सल्ला बाबांना वाचून दाखवला. तुमचा पत्ता मागतायत.

शाहूपुरीकर
मी शंभर टक्के सांगतो, कंट्रोल गेलाय. गंज काढायचा स्प्रे मिळतो तो मार आत, चार वेळा फिरव, काम झालं. आमच्या रेडिओचं असंच झालं होतं.

गरम_लोखंड
शनिवार, उशिरा

मंगळवारपेठी, तुमचा टीव्ही ज्या काळातला आहे त्या काळात मी राजारामपुरीत दुरुस्तीच करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही तक्रारी वेगवेगळ्या मांडल्या हे फार बरं केलंत. गिऱ्हाईक नुसतं "आवाज नीट नाही" म्हणून सेट टेबलावर ठेवून जायचं, आणि अर्धा दिवस आवाज कसा नीट नाही हे शोधण्यातच जायचा. तुमच्याकडं एक नाही, तीन-चार स्वतंत्र दुखणी आहेत. एका औषधानं सगळी बरी होणार नाहीत.

आधी जिवाचं बोलू. मागचं झाकण काढायच्या आधी प्लग भिंतीतनं बाहेर काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिक्चर ट्यूबच्या वरच्या अंगाला रबरी टोपीखाली जी जाड वायर जाते तिच्यावर वीस इंची सेटला पंधरा हजार व्होल्टच्या पुढं असतं आणि ट्यूब ते बंद केल्यावरही धरून ठेवते. आवाजाच्या कामासाठी तिकडं हात न्यायची गरजच नाही, नेऊ नका. मेन फिल्टर कंडेन्सरही (वीज साठवणारा भाग) भरलेला असू शकतो.

दुसरं, या जातीच्या बऱ्याच सेटमध्ये चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट लाईनला जोडलेली असते, मधे ट्रान्सफॉर्मर नसतो. टेस्टर लावला आणि पेटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. प्लग उलटा घातला की तीच चासी जिवंत. पुलाचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) असेल तर प्लग कसाही घाला, जिवंतच. आणि सिरीज बोर्डाचा (सेट आणि लाईनच्या मधे बल्ब घालून तपासायचा बोर्ड) शंभरचा बल्ब फ्यूज वाचवतो, माणूस वाचवत नाही. हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसला.

आता तपास. व्हॉल्यूम शून्यावर असताना जी भुणभुण राहते ती व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात तयार होते: सप्लाय, आउटपुटची आयसी (स्पीकरला आवाज देणारी चिप), किंवा त्या दोघांमधला कंडेन्सर. व्हॉल्यूमबरोबर जे कमीजास्त होतं ते व्हॉल्यूमच्या मागनं येतंय: साउंड आयएफ (सिग्नलमधनं आवाज वेगळा काढणारा भाग), ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग), किंवा टीव्हीच्या बाहेरचं काहीतरी. ही एक रेघ मारली की निम्मा सेट तपासायचाच राहत नाही. तुमची भुणभुण रेघेच्या पुढं आहे, विहीर आणि घर्रर्र रेघेच्या मागं. म्हणजे दोन वेगळ्या कामाला लागा.

शाहूपुरीकर, तो तेलकट स्प्रे व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये मारू नका हो. आठ दिवस चांगलं चालतं, मग तेलावर धूळ बसते आणि कार्बनच्या पट्टीची वाट लागते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो तो घ्या, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन थेंब टाकायचे, पुढंमागं फिरवायचं, पूर्ण वाळू द्यायचं.

शाहूपुरीकर
काका, आमचा रेडिओ अजून चालू आहे.

गरम_लोखंड
चालू दे. मी वाट बघतो.

आत्याबाई
मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण ती सरकती दारं वाचून राहवलं नाही. आमच्याकडं परीक्षा जवळ आली की वडील दाराला कुलूप लावून किल्ली बॅंकेत घेऊन जायचे. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं आणि रविवारी सकाळी कुलूप काढणं भाग पडलं, कारण अर्धी गल्ली आमच्याच घरात. मागं बसलेल्यांना आवाज पोचत नसे, मग पुढची पोरं संवाद मोठ्यानं मागं सांगायची. आवाजाची दुरुस्ती अशीही करता येते!

मंगळवारपेठी
रविवार, दुपारी

गरम लोखंड काका, दंडवत. मागचं झाकण काढलं. आत धूळ इतकी की आधी ब्रशनं झाडण्यातच वेळ गेला. आवाजाचा भाग खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे. एक चपटी आयसी, दोन्ही बाजूंना धातूचे पंख फुटलेली, त्यावर ८१० असं दिसतंय, पुढची अक्षरं पुसली आहेत. तिच्या शेजारी निळा गोल कंडेन्सर, २२०० आणि २५ व्होल्ट लिहिलेला, डोकं थोडं फुगलंय आणि बुडाला तपकिरी डाग.

गरम_लोखंड
तीच ती, टीबीए ८१०. त्या काळच्या बऱ्याच भारतीय सेटमध्ये आवाजाला हीच असायची. सोळा व्होल्ट आणि चार ओमच्या स्पीकरवर सात वॉट देते, म्हणजे घरच्या टीव्हीला गरजेपेक्षा जास्तच. ते पंख म्हणजे तिचा हीटसिंक. पंखांची सोल्डर तडकली असेल तर आयसी तापून आवाज फाटतो, तेही भिंगातनं बघा.

फुगलेला कंडेन्सर काढाच. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ओलं रसायन असतं, चाळीस वर्षांत ते सुकतं किंवा बाहेर येतं. मग सप्लायमधली लहर गाळली जात नाही आणि ती सरळ स्पीकरवर जाते. भुणभुण जाड आणि खर्जातली असेल तर ती पन्नास हर्ट्झची, एका डायोडच्या रेक्टिफायरची. जरा वरच्या पट्टीतली असेल तर पुलाची, शंभर हर्ट्झ. तितकेच मायक्रोफॅरड (म्हणजे २२००) घ्या, व्होल्ट जास्त चालेल, पस्तीसचा घाला. कमी व्होल्टचा कधीच नाही. अधिक-उणे बघून. दुकानात जुना पडून असलेला माल घेऊ नका, तोही सुकलेलाच असतो. इथं नाही मिळाला तर पुण्यात तपकीर गल्ली आहेच, पण २२०० चा कंडेन्सर कोल्हापुरात मिळत नाही म्हणजे कमाल झाली.

आणि हो, नुसता तोच बदलून थांबू नका. आवाजाच्या पट्टीवरचे सगळे छोटे इलेक्ट्रोलिटिक त्याच वयाचे आहेत. सगळ्यांचे मिळून वडापावाएवढे पैसे होत नाहीत.

ट्यूनर_सरळ_करा
रविवार, संध्याकाळी

मी पुण्यात असतो, हॅमच्या (हौशी रेडिओच्या) नादात आहे, मूळचा गडहिंग्लजचा. गरम लोखंड काकांच्या रेघेच्या मागच्या भागावर लिहितो. मला वाटतं विहिरीचं कारण टीव्हीत नाहीच. मॉड्युलेटरमध्ये आहे.

कसं ते बघा. टीव्हीच्या सिग्नलमध्ये चित्राची एक लहर आणि आवाजाची दुसरी लहर असते. आपल्याकडं भारतात या दोन लहरींमध्ये ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर ठरलेलं, म्हणजे बी/जी पद्धत. इंग्लंडमध्ये आय पद्धतीत हेच अंतर ६ होतं, चीनमध्ये डी/के पद्धतीत ६.५, अमेरिकेत ४.५. ऑनलाइन मिळणारे मॉड्युलेटर जगभर विकायला बनवलेले असतात, त्यामुळं आत यातलं कुठलंही अंतर लावलेलं असू शकतं. चित्र सगळ्यांत येतं. आवाज फक्त बरोबर अंतरावर येतो.

आता तुम्ही लिहिलंय की फाईन ट्यूनिंग फिरवून आवाज सुधारला नाही. तो सुधारणारच नव्हता, आणि मला संशय तिथंच आला. ट्यूनिंग फिरवलं की चित्राची लहर आणि आवाजाची लहर दोन्ही एकत्रच सरकतात, मधलं अंतर तेवढंच राहतं. टीव्हीच्या आत डिटेक्टरमध्ये या दोघांचा फरक काढला जातो आणि तो फरक पुढं साउंड आयएफमध्ये जातो. तिथली कॉईल ५.५ वर बसवलेली आहे. तुमचा मॉड्युलेटर ६ देत असेल तर तुम्ही नॉब पहाटेपर्यंत फिरवलात तरी ६ चे ५.५ होणार नाहीत. कॉईलच्या एका कडेला थोडा फाटका आवाज सापडतो, तीच तुमची विहीर. ६.५ असता तर बहुतेक नुसतं शूऽऽच ऐकू आलं असतं, म्हणून माझी पैज आय पद्धतीवर.

मॉड्युलेटरच्या बुडाला किंवा मागं छोटे स्विच आहेत का बघा. बीजी, आय, डीके, एम असं काही लिहिलेलं असेल. नसेल तर डबा उघडल्यावर आत एक छोटी कॉईल सापडेल, तिनं अंतर बदलता येतं, पण आधी स्विच शोधा.

एक कळकळीची विनंती. टीव्हीमधल्या साउंड कॉईलला हात लावू नका. ती ५.५ वर कारखान्यात बसवलेली आहे आणि तुमच्या घरात आज तीच एक गोष्ट बरोबर आहे. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरनं आतली फेराइटची कांडी फिरवायला गेलात तर ती तडकते, मग अडकते, आणि मग खरंच मासे पाळावे लागतात.

तांबडापांढरा
मी म्हणालोच होतो.

उद्यमनगरचा_लेथ
चांगली चर्चा चाललीय. एक प्रश्न, एवढा मॉड्युलेटरचा खटाटोप कशाला? बॉक्समधनं आवाजाची वायर येते ती सरळ ८१० च्या तोंडाला सोल्डर करा की. चित्र मॉड्युलेटरमधनं, आवाज थेट. फसक्लास.

गरम_लोखंड
नको रे बाबा. वर लिहिलंय ते परत वाच. चासी लाईनला असेल तर तुझ्या वायरीची जमीन (ग्राउंड) म्हणजे लाईन. ती बॉक्सला जाणार, बॉक्सवरनं डिशच्या केबलीला, केबलीवरनं गच्चीवरच्या लोखंडी छत्रीला. पावसात कुणी कपडे काढायला वर गेलं आणि छत्रीला हात लागला तर? अँटेनाच्या सॉकेटच्या मागं कंपनीनं छोटे आयसोलेशनचे (लाईन बाहेर येऊ न देणारे) कंडेन्सर घातलेले असतात, ते याचसाठी. अँटेनातनं आत जाणं हाच या सेटचा दरवाजा आहे. ते कंडेन्सर शाबूत आहेत का तेवढं मात्र प्रत्येक जुन्या सेटला तपासावं.

उद्यमनगरचा_लेथ
पटलं काका. मागे घेतो. बदल्यात नॉब तुटला असेल तर सांगा, आमच्याकडं लेथवर ॲल्युमिनियमचा करून देतो. पण आता तुमचं ऐकून वाटतंय, धातूचा नॉब नकोच.

गरम_लोखंड
बरोब्बर. कंट्रोलचा दांडा धातूचा असतो आणि काही सेटात तो चासीला लागलेला असतो. नायलॉनचा कर, आतला स्क्रू खोल बुडव.

मंगळवारपेठी
मंगळवार, रात्री

मंडळी, अहवाल.

आधी मॉड्युलेटर. बुडाला एक स्टिकर चिकटवलेलं होतं, ते नखानं उचकटलं तर खाली चार बारक्या पांढऱ्या कळांचा स्विच. आणि एक कोष्टक, इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलनं फोटो काढून मोठा करावा लागला. कळा आय वर होत्या. बीजी वर केल्या, वीज बंद करून चालू केली, आणि बातम्या सांगणारी बाई एकदम खोलीत येऊन बोलायला लागली. आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "कोण आलंय?" ट्यूनर सरळ करा, पैज जिंकलात. कोल्हापुरात आलात की तांबडापांढरा रस्सा माझ्याकडं.

मग २२०० चा कंडेन्सर आणि त्याच्या आजूबाजूचे छोटे बदलले. भुणभुण गेली. कान स्पीकरला लावला तर अगदी बारीक आहे, हातभरावर काही नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर घातला, खरखरही बसली.

दोन गोष्टी राहिल्या. पांढऱ्या अक्षरांची घर्रर्र आहेच, आधीपेक्षा कमी. आणि आवाज जरा पातळ येतो, तबला वाजला तर नुसती टिचकी ऐकू येते, डग्गा नाही.

ट्यूनर_सरळ_करा
घर्रर्र अपेक्षित होती. पांढरा रंग जितका जास्त तितकी चित्राची लहर लहान होत जाते, आपल्या पद्धतीत तसंच आहे. मॉड्युलेटरला व्हिडिओ जास्त जोरात मिळाला तर ठळक पांढऱ्या अक्षरांवर ती लहर जवळजवळ मरतेच. आणि टीव्हीला तर आवाज काढायला ती लहर लागते, फरक दोघांचा काढायचाय ना. ती क्षणभर नाहीशी झाली की आवाजात भोक पडतं, तेही पन्नास हर्ट्झच्या ठेक्यात. हेच ते घर्रर्र. बातम्यांच्या खालच्या पट्टीला सगळ्यात जास्त जाणवणार.

मॉड्युलेटरवर व्हिडिओ लेव्हलचं छोटं भोक असेल, आत प्रीसेट (टोकानं फिरवायचा छोटा कंट्रोल) असतो. प्लॅस्टिकच्या टोकानं हळूहळू कमी करा. अक्षरं पडद्यावर ठेवा आणि कानानं ऐकत करा. चित्र किंचित फिकं होईल, ते टीव्हीच्या कॉन्ट्रास्टनं भरून काढा. तसं भोक नसेल तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट कमी करून बघा. शिवाय मॉड्युलेटरपासून टीव्हीपर्यंत किती वायर आहे? हातभर असेल तर सिग्नल ट्यूनरला झेपत नसेल, मधे ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. आणि जुन्या सेटला चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतील तर ते ३०० ओमचे, तुमची गोल केबल ७५ ची. मधे बॅलून (या दोघांची जुळणी करणारा छोटा जोड) हवाच, उघडी तार पिळून जोडलीय असं निघालं तर मी पार्टी परत करतो.

मंगळवारपेठी
...पिळूनच जोडलीय.

गरम_लोखंड
हाहा. बॅलून दहा मिनिटांचं काम आहे, लावून टाका.

पातळ आवाजाचं सांगतो. ८१० आणि स्पीकरच्या मधे एक कंडेन्सर असतो, बहुतेक ४७० किंवा १००० चा. तो सुकला की त्याची क्षमता कमी होते आणि खर्ज त्यातनं पलीकडं जात नाही. वरच्या पट्टीचा आवाज तेवढा पोचतो. तुम्ही आयसीच्या आजूबाजूचे बदललेत म्हणता, पण हा बऱ्याच सेटमध्ये बोर्डाच्या कडेला, स्पीकरच्या वायरीजवळ एकटा उभा असतो. तो राहिला असणार. मी तरी १००० घालीन.

त्यानंही डग्गा आला नाही तर स्पीकर बाहेर काढून उजेडापुढं धरा. कागदाला भोक, कडेला फाटलेलं, किंवा बोटानं हलकं दाबलं तर कॉईल घासल्याचा आवाज. ओलीनं स्पीकरचा कागद लोळा होतो, आणि तुमच्या घरात ओल होती हे तुम्हीच लिहिलंय. बदलायचा झाला तर मागच्या शिक्क्यावर जेवढे ओम आहेत तेवढेच घ्या, कमी घेतलात तर ८१० ला जड जाईल. आकार अंडाकृती असेल तर तसा मिळायला फिरावं लागेल, लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. पण गोंद आणि पातळ टिश्यू पेपर लावून बारीक फाटका कागद आम्ही कितीतरी वर्षं चालवलाय.

मंगळवारपेठी
कंडेन्सर होता तिथंच, स्पीकरच्या वायरीजवळ, ४७० चा. १००० घातला. डग्गा आला. बॅलून लावला, व्हिडिओ लेव्हलही कमी केली, घर्रर्र आता शोधावी लागते. बाबांनी जाहीर केलंय की यापुढं बातम्या फक्त यावरच बघायच्या.

चिखलीकर
बुधवार

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझाही प्रश्न याच जातीचा आहे म्हणून इथंच विचारतो. आमचा सेटही साधारण त्याच काळातला, ८१० वालाच. चित्र येतं, आवाज मात्र ठार बंद. भुणभुण नाही, शूऽऽ नाही, काहीच नाही. मॉड्युलेटर आधीच बीजी वर आहे.

गरम_लोखंड
काहीच नाही हे एका अर्थी सोपं दुखणं आहे. मागनं सुरू करा, स्पीकरकडनं.

सेट बंद, प्लग बाहेर. स्पीकरची एक वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल दोन टोकांना क्षणभर टेकवा. टक् असं वाजलं तर स्पीकर जिवंत. मग पुढं हेडफोनचं भोक आहे का बघा. या सेटांत ते भोक स्पीकरच्या वाटेत असतं. पिन घातली की आतली पत्ती उचलली जाते आणि स्पीकर तुटतो, पिन काढली की पत्ती परत टेकते. वर्षानुवर्षं कुणी पिन घातली नाही आणि पत्तीवर हिरवा गंज चढला की ती टेकलेली दिसते, पण वीज जात नाही. "आवाज बंद" म्हणून आलेले सेट मी नुसती पिन दहा वेळा आतबाहेर करून परत पाठवलेत. चिखलीला पुराची ओल काही नवी नाही, त्यामुळं मी पहिला संशय त्या भोकावरच घेईन.

तिथंही नाही सापडलं तर सेट चालू करून मीटरनं ८१० च्या आउटपुटच्या पिनवर मोजा. मीटरचं काळं टोक क्लिपनं आधीच चासीला लावून ठेवा, एक हात पाठीमागं, पायात चप्पल. पुरवठा बारा असेल तर तिथं साधारण सहा यायला हवेत, सोळा असेल तर आठ. निम्म्याच्या जवळ असेल तर आयसी ठीक आहे, मागं साउंड आयएफकडं जा. शून्य किंवा पूर्ण पुरवठा दिसला तर आयसी गेली. आणि पुरवठाच नसेल तर त्या वाटेवरचा छोटा फ्यूज-रेझिस्टर बघा, जळून काळा झालेला असतो. पण तो बदलायच्या आधी तो का जळला ते शोधा, नाहीतर नवीनही त्याच वाटेनं जाईल.

चिखलीकर
काका, हेडफोनचं भोक आहे. आत कोळ्याचं घर आहे.